चुकांची वही : ‘तुंबाड’ आणि रूपांतराची सलगता

तीस वर्षे मुद्रिते तपासल्यावर डोळ्याला एक खोड लागते. गोष्ट वाचायच्या आधी तो चूक शोधतो. मी वाकोल्याला राहतो. डोक्यावरून दर दोन-चार मिनिटांनी विमान जाते आणि ते गेले की वाक्य पुन्हा पहिल्या शब्दापासून वाचायचे, अशी माझी जुनी रीत आहे. चित्रपट पाहतानाही हीच रीत सुटत नाही. त्यासाठी माझ्याकडे एक वेगळी वही आहे. पहिल्या दृश्यात नायकाच्या शर्टाचे वरचे बटण लावलेले होते, दुसऱ्यात उघडे आहे. कपातला चहा अर्धा झाला होता, पुन्हा भरला. अशा नोंदी तिच्यात आहेत.

माझा भाचा मालिकांच्या चित्रीकरणात सहायक दिग्दर्शक आहे. सेटवर ‘कंटिन्युइटी’ सांभाळणे हे त्याचे काम. मराठीत आपण तिला सलगता म्हणू. चित्रीकरण कथेच्या क्रमाने होत नाही. दाराबाहेरचा भाग आज, दाराच्या आतला महिन्याने, तोही दुसऱ्याच गावात. म्हणून प्रत्येक शॉटनंतर फोटो काढून ठेवायचे, पिशवी कोणत्या हातात होती, केस किती ओले होते, ते लिहून ठेवायचे. १३ सप्टेंबर २०२४ रोजी ‘तुंबाड’ पुन्हा चित्रपटगृहांत लागला तेव्हा आम्ही दोघे तो पाहायला गेलो. मध्यंतरात माझी वही पाहून तो म्हणाला, “मामा, तू पिक्चर बघत नाहीस, प्रुफं तपासतोस.” हा लेख त्या वाक्यातून निघाला आहे. अद्भुतकथेच्या रूपांतरात ‘चूक’ म्हणजे नेमके काय, आणि माझ्या वहीतल्या किती नोंदी खरोखर चुका आहेत, हे मला तपासायचे आहे.

चुकांचे तीन प्रकार मी मानतो. पहिली वस्तूंची चूक : कप, बटण, जखमेची बाजू. दुसरी नियमाची चूक : अद्भुत जगाने स्वतःच घालून दिलेला कायदा मोडणे. तिसरी वारशाची चूक : मूळ लेखनातून जे उचलले त्याचा धागा मध्येच सोडणे. पहिली पकडायला सोपी, म्हणून आपण तिच्यावरच खूश असतो. तिसरीसाठी मूळ पुस्तके वाचावी लागतात.

पावसाचा आडोसा

राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ १२ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रथम प्रदर्शित झाला. चित्रीकरण त्याच्या कितीतरी आधीचे. २०१२ मध्ये चित्रपट एकदा चित्रित झाला, संकलनानंतर समाधान न झाल्याने पुन्हा लिहिला गेला आणि २०१५ पर्यंत त्याचे नव्याने चित्रीकरण चालले. कंटिन्युइटीवाल्याच्या दृष्टीने हे दुःस्वप्नच. तीन वर्षांत झाडे वाढतात, भिंतीवरचे शेवाळ बदलते, नटाचे वजन बदलते.

अशा चित्रपटात वस्तूंच्या चुकांचा ढीग सापडेल या अपेक्षेने मी वही उघडली होती. फारसे हाती लागले नाही, आणि त्याचे कारण कथेतच आहे. देवांच्या कोपामुळे तुंबाडात पाऊस कधी थांबत नाही, असा या जगाचा पहिला नियम. त्यामुळे केस सदैव ओले, आभाळ सदैव राखी, सावल्या जवळजवळ नाहीतच. ऊन नसले की वेळेचा पुरावा उरत नाही. छायाचित्रकार पंकज कुमार यांनी हा करडा, ओला उजेड इतका एकसारखा सांभाळला आहे की वेगवेगळ्या वर्षांचे तुकडे एकाच दुपारचे वाटतात. कथेतला शाप आणि सेटवरची सोय एकाच पावसात मुरली आहे.

पावसाची पारख वाकोल्याच्या माणसाला शिकवावी लागत नाही. २६ जुलै २००५ ला शेजारच्या सांताक्रूझच्या वेधशाळेने चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला, तेव्हा आमचा नाला आणि रस्ता यांत फरक उरला नव्हता. त्या दिवसाच्या आठवणी आजही कोणाला क्रमाने सांगता येत नाहीत. सकाळ केव्हा संपली आणि संध्याकाळ केव्हा झाली, हे कोणालाच ठाऊक नसते. अखंड पाऊस काळ पुसून टाकतो. ‘तुंबाड’ने हेच ओळखले आणि वापरले.

बाहुल्यांचा हिशेब

दुसऱ्या प्रकारच्या चुकीत मात्र मी स्वतःच सापडलो. चित्रपटाचे नियम थोडे आणि नेमके आहेत. हस्तर हा देवीचा पहिला मुलगा. सोन्याचा आणि धान्याचा लोभी. सोने त्याला मिळाले, धान्य मिळाले नाही. म्हणून तो कायम भुकेला. पिठाची बाहुली दिसली की तो खायला येतो. तो खाण्यात गुंतलेला असताना त्याच्या लंगोटातून नाणी लुटायची. त्याचा स्पर्श झाला की माणूस मरत नाही, सडत राहतो. सुटका फक्त आगीने.

शेवटच्या भागात विनायक आणि त्याचा मुलगा पांडुरंग एकाच वेळी बऱ्याच बाहुल्या घेऊन उतरतात, आणि एकाऐवजी अनेक हस्तर येतात. २०१८ साली मी वहीत लिहिले होते : “देव एक, मग इतके कसे? नियम मोडला.” दुसऱ्यांदा पाहताना ती नोंद मी खोडली. तोपर्यंत प्रत्येक खेपेला एकच बाहुली होती आणि एकच हस्तर येत होता. म्हणजे एका बाहुलीला एक हस्तर हा हिशेब सुरुवातीपासून पडद्यावर मांडलेला होता. तो कोणी शब्दांत सांगितला नव्हता, एवढेच. बापलेकांनी लोभापायी तो चुकीचा वाचला, आणि त्यांच्याबरोबर मीही. ज्याला मी पटकथेची चूक म्हटले ती पात्रांची चूक होती. तीच शोकांतिका आहे.

अशी खोडाखोड माझ्या धंद्यात एकदा महागात पडली आहे. फार वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकासाठी मी एक भुताची गोष्ट तपासत होतो. म्हाताऱ्याची काठी सुरुवातीला उजव्या हातात होती, शेवटच्या परिच्छेदात डाव्या. मी ती निमूटपणे उजव्या हातात दिली. अंक निघाल्यावर लेखकाचे पोस्टकार्ड आले. शेवटी दिसतो तो म्हातारा आरशातला होता आणि डावा हात ही वाचकाला दिलेली एकमेव खूण होती. मी भूत पुसून टाकले होते. तेव्हापासून अद्भुतकथेत विसंगती दिसली की आधी विचारतो : ही सुटलेली आहे की ठेवलेली?

‘तुंबाड’मध्ये ठेवलेली अशी आणखी एक गोष्ट आहे. पांडुरंगाची भूमिका करणाऱ्या मोहम्मद समद यानेच रंगभूषेखाली आजीचीही भूमिका केली आहे. पहिल्या भागातल्या साखळदंडातल्या म्हातारीला दुसऱ्या भागात विनायक आग देऊन सोडवतो; शेवटी त्याच आगीने विनायकाला सोडवणारा मुलगा म्हणजे त्या म्हातारीचेच शरीर. प्रेक्षकाला हे कळत नाही, कळायचेही नसते. एका नटाने दोन भूमिका करणे आपल्या चित्रपटाला नवे नाही. फाळक्यांच्या १९१७ च्या ‘लंका दहन’मध्ये अण्णा साळुंके राम आणि सीता दोन्ही झाले होते. तिथे गरज होती. इथे तोच मार्ग लोभाच्या वंशावळीला मिळता येतो.

आजीचा प्रवास

आता तिसरा प्रकार. विनायकाचा धाकटा भाऊ झाडावरून पडतो, आई त्याला घेऊन उपचारासाठी जाते आणि घरात विनायक एकटा त्या म्हातारीजवळ उरतो. ती अंगावर येते तेव्हा हस्तरचे नाव घेतल्यावर झोपी जाते. चित्रपटाचा सर्वांत भीतिदायक भाग हाच, आणि त्याच्यामागे कागदांची एक लांब माळ आहे.

हा भाग नारायण धारप यांच्या ‘आजी’ या कथेवरून सुचलेला. आणि ‘आजी’ला आधार स्टीफन किंग यांच्या ‘ग्रॅमा’ या १९८४ च्या कथेचा. धारपांच्या वाचकांना याचे नवल वाटू नये. ‘लुचाई’मध्येही त्यांनी किंग यांची कादंबरी मराठी घरांत आणून वसवली आहे. ‘ग्रॅमा’मध्ये मोठ्या भावाचा पाय मोडतो, आई इस्पितळात जाते, लहान मुलगा अंथरुणाला खिळलेल्या आजीजवळ एकटा राहतो, आणि तिला आडवे करण्यासाठी त्याला एका नावाची आज्ञा द्यावी लागते. ते नाव ‘हास्टर’.

किंग यांनीही ते नाव घडवलेले नाही. अँब्रोज बिअर्स यांच्या १८९१ च्या एका छोट्या कथेत हास्टर हा मेंढपाळांचा सौम्य देव आहे. १८९५ मध्ये रॉबर्ट चेंबर्स यांनी ते नाव आपल्या भयकथांत घेतले, १९३१ मध्ये लव्हक्राफ्ट यांनी त्याचा ओझरता उल्लेख केला, आणि पुढच्या लेखकांनी त्याचा राक्षस केला. मेंढरे राखणारा देव सव्वाशे वर्षांत देश, भाषा, माध्यम ओलांडत पिठासाठी वखवखलेला हस्तर झाला.

मुद्रितशोधकाला इथे पानोपानी चुका दिसतील. नाव बदलले, स्वभाव बदलला, भावाचे वय बदलले. पण काय टिकले ते पाहावे. घरातली नको झालेली म्हातारी, तिच्याजवळ एकटे सोडलेले मूल, आणि मुलाच्या तोंडी दिलेला एकच शब्द. घटनेचा सांगाडा प्रत्येक भाषेत तोच राहिला. शिवाय ‘तुंबाड’ने त्या शब्दाला नवे काम दिले. किंग यांच्याकडे ती मंत्रासारखी आज्ञा आहे. इथे ती आपल्याकडे मुलांना झोपवताना दाखवतात तसल्या बागुलबुवाच्या धाकात मिसळली आहे. फरक एवढाच, की इथे मूल म्हातारीला झोपवते. ही सलगता फोटो काढून सांभाळता येत नाही. या बाबतीत चित्रपटाला माझे पैकीच्या पैकी गुण.

खोत कुठे गेले?

एक नोंद मात्र मी खोडलेली नाही. चित्रपटाचे नाव श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ या १९८७ च्या द्विखंडी कादंबरीवरून आले. नकाशावरचे तुंबाड रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेड तालुक्यात, जगबुडीच्या काठी आहे. तिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. चित्रपटातला वाडा आहे सासवडचा सरदार पुरंदऱ्यांचा : दगडी तट, बुरूज, दिंडीदरवाजा, अस्सल देशावरचा. न थांबणाऱ्या पावसाच्या गावाची भूमिका दुष्काळी पुरंदर तालुक्यातल्या वाड्याने केली आहे. जांभ्याची जोती आणि उतरती कौले पाहिलेल्या कोकणी माणसाला हा वाडा आपल्या गावातला वाटणार नाही.

केवळ दगडाचा प्रश्न असता तर मी सोडून दिला असता. अद्भुत गावाला अद्भुत घर चालते. पण वाड्याबरोबर जमीनही बदलली. पेंडशांच्या खोतांचा माज आणि ऱ्हास, पिढ्यान्‌पिढ्या चाललेला, खोतीतून येतो : कुळे, शेतसारा, भातखाचरे, नदी. त्यांच्या लोभाला खाणारी तोंडे समोर दिसतात, कारण ती त्याच गावात राहतात. चित्रपटाची प्रकरणे १९१८, मग पंधरा वर्षांनी आणि शेवटी १९४७ अशी इतिहासाच्या खुंट्यांवर टांगलेली आहेत. कोकणात त्या काळाचा मोठा प्रश्न खोतीचा होता. १९४९ च्या कायद्याने ती रद्द झाली. ‘तुंबाड’मध्ये साल आहे, गावाचे नाव आहे, पण त्या दोहोंना बांधणारी जमीन कथेच्या मध्यभागी येत नाही. सोने देवाच्या लंगोटातून पडते. ते कोणत्याही कुळाच्या कष्टातून आलेले नाही. विनायकाने लुटले ते हस्तरला, शेजाऱ्याला नव्हे. म्हणून त्याचा लोभ निर्मनुष्य राहतो, आणि गावाचे नाव पाटीवरचे नाव उरते.

दिग्दर्शक कादंबरीचे रूपांतर करत नव्हते, फक्त नाव घेत होते, असे यावर म्हणता येईल. मान्य. पण नावही उसने घेतले की त्याच्यामागे माणसे येतात. ज्या चित्रपटाने अमेरिकन आजी इतक्या निगुतीने मराठी घरात बसवली, त्याने खेडच्या खोतांना उंबऱ्याबाहेर ठेवावे, हे मला खटकते. एवढी एक चूक वहीत शाईने लिहिलेली राहील.

परवा भाचा घरी आला होता. मी त्याला वही दाखवली. बटणे, कप, घड्याळे यांची पाने चाळून तो शेवटच्या नोंदीपाशी थांबला. “हे आमच्या खात्यात येत नाही, मामा,” तो म्हणाला. “याचा फोटो कसा काढणार?” तेवढ्यात विमान गेले. ते जाईपर्यंत आम्ही दोघे गप्प बसलो, आणि मग त्याने पान पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला घेतले.