३०सीची बाटली, आयआयटीचा पेपर आणि अंगावर पिणारं बाळ

विरारच्या आमच्या वहिनींचा मेसेज आला तेव्हा बाळ दीड महिन्याचं होतं. ‘जेवल्यावर पोट गच्च होतं, उजव्या बरगडीखाली दुखतं, कधी मळमळतं. गॅस म्हणून नक्स व्होमिका दिलंय. बाळ अंगावर पितंय, चालेल ना? तू सायन्सवाली आहेस म्हणून विचारते.’ मी उत्तर देण्याआधीच फॅमिली ग्रुपवर दोन उत्तरं आली होती. काकू म्हणाल्या, ‘घे गं, त्यात काही नसतंच, साइड इफेक्ट कुठून येणार?’ आणि मावशीने फॉरवर्ड टाकला: होमिओपॅथीच्या औषधात नॅनोकण असतात, आयआयटी मुंबईने सिद्ध केलंय.

दोघींनाही दोन्ही उत्तरं पटली. एकीच्या मते बाटलीत काही नाही, दुसरीच्या मते आहे, आणि निष्कर्ष मात्र एकच: घे. पेपर वाचायला शिकताय ना, मग हा घोळ इथेच पकडायचा.

फॉरवर्डमधला पेपर खरा आहे. आयआयटी मुंबईच्या केमिकल इंजिनिअरिंग विभागातले जयेश बेल्लारे आणि सहकाऱ्यांचा, २०१० मध्ये ‘होमिओपॅथी’ नावाच्याच जर्नलमध्ये आलेला. त्यांनी बाजारात मिळणारी सहा धातूंची औषधं घेतली: सोनं, चांदी, तांबं, कथील, जस्त, प्लॅटिनम. पोटेन्सी ६सी, ३०सी, २००सी. १२सीच्या पुढे मूळ पदार्थाचा एकही कण राहू नये असं अ‍ॅव्होगॅड्रोचा आकडा सांगतो, कारण १२सी म्हणजे १० चा उणे २४ वा घात. तरीही त्यांना इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली कण दिसले, आयसीपीवर धातू मोजता आला, आणि ६सीनंतर प्रमाण अपेक्षेप्रमाणे घसरत नव्हतं.

चांगल्या गोष्टी आधी. बाटल्या दुकानातल्याच होत्या, आणि ‘दिसले’ म्हणून न थांबता दुसऱ्या पद्धतीने मोजमापही केलं. या पेपरची थट्टा करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी तो उघडलेला नसतो.

पण विरळ करत गेलं तरी पातळी सपाट राहते, याचा एक सरळ अर्थ असाही निघतो की कण वाटेत कुठून तरी येतायत: अल्कोहोलमधून, लॅक्टोजमधून, भांड्यातून. सोनं-प्लॅटिनमबाबत ही शंका कमी, जस्त-तांब्याबाबत जास्त. पिकोग्रॅममध्ये मोजणारा कुठलाही पेपर हातात आला की आधी ब्लँकचा रकाना बघा, मग ग्राफ. आणि सपाट पातळी खरी मानली, तर २००सी हे ३०सीहून ‘जास्त पॉवरचं’ का म्हणायचं, हा प्रश्न मावशीच्या बाजूवरच उलटतो.

वहिनींच्या दृष्टीने महत्त्वाचं वेगळंच आहे. त्याच गटाने २०१२ मध्ये ‘लँगम्युअर’मध्ये यामागची कल्पना मांडली: जोरात हलवताना बुडबुडे येतात, न विरघळणारे कण त्यांना चिकटून वर तरंगतात आणि वरचा थर पुढच्या पायरीत जातो. खनिजं वेगळी करायची फ्रॉथ फ्लोटेशन पद्धत तुम्ही शिकलाच असाल. धातूच्या कणांसाठी हे निदान कल्पनेत बसतं. नक्स व्होमिका म्हणजे कुचला, त्यातलं स्ट्रिक्नीन टिंक्चरमध्ये विरघळलेलं असतं. धातूंवरून काढलेला निष्कर्ष कुचल्याला लावणं म्हणजे वाळूवर प्रयोग करून मिठाबद्दल बोलणं. शिवाय या पेपरात रुग्ण नाही, आई नाही, दूध नाही.

दुधाचा हिशेब कसा करतात? बाळाला दुधातून दर किलो वजनामागे मिळणारा डोस भागिले आईचा दर किलो डोस. उत्तर १० टक्क्यांच्या आत असेल तर औषध सहसा चालणारं धरतात, अर्थात औषध मुळात फार विषारी नसेल तर. आता ३०सी घ्या. हिशेबापुरते मिलिलिटरला १००० पिकोग्रॅम कण धरले आणि वहिनींनी एक मिलिलिटर घेतलं, तर आईचाच सगळा डोस एक नॅनोग्रॅम. तो संपूर्ण बाळाकडे गेला तरी काळजी नको. म्हणजे निष्कर्षात काकू बरोबर, पण मग ते पोटावर काय काम करणार, हेही काकूंनीच सांगायचं.

मी बाटलीचा फोटो मागवला. लेबलवर ३० नव्हतं, क्यू होतं. मदर टिंक्चर!

इथे सगळं गणित बदलतं. एक भाग बी, दहा भाग टिंक्चर, असं धरलं तर अर्ध्या मिलिलिटरमध्ये ५० मिलिग्रॅम बियांचा अर्क. कुचल्याच्या बियांत दोन-अडीच टक्के अल्कलॉइड असतात, म्हणजे एका डोसात साधारण एक मिलिग्रॅम, आणि त्यातला मोठा वाटा स्ट्रिक्नीनचा. रेणू लहान, मेदात विरघळणारा, वरून आम्लारिधर्मी. दूध रक्तापेक्षा किंचित आम्लीय असल्यामुळे असे रेणू दुधात अडकून साचतात. सगळे ज्या अल्कोहोलला घाबरतात ते या डोसात पाव ग्रॅमच्या आसपास, तो मुद्दाच नाही. ‘होमिओपॅथी सुरक्षित आहे का’ हा प्रश्नच चुकीचा मांडलेला आहे, कारण ३०सी आणि क्यू या एकाच नावाच्या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

आणि लेबलवर किती भरवसा ठेवायचा? जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने जाहीर केलं की बाळांना दात येताना द्यायच्या काही होमिओपॅथिक गोळ्यांमध्ये बेलाडोनाचं प्रमाण एकसारखं नव्हतं, काहींत लेबलपेक्षा कितीतरी जास्त होतं. कागदावर विरळ असणं आणि गोळीत विरळ असणं यात कारखाना असतो.

हे सगळं टाइप करून मी वहिनींना पाठवलं, बाटली बंद करा म्हटलं. दोन दिवस पेपरात घालवल्याचं समाधान होतं. मग त्यांचा पहिला मेसेज पुन्हा वाचला. उजव्या बरगडीखाली.

गरोदरपणात पित्ताशय मंदावतं, पित्त साचतं, म्हणून बाळंतपणानंतर खडे सापडणं नवीन नाही. पहिल्या सहा आठवड्यांत पोटात वरच्या बाजूला दुखत असेल तर रक्तदाबही मोजावा लागतो, कारण प्री-एक्लॅम्प्सिया बाळंतपणानंतरही होतो. मेसेजमध्ये वहिनींनी ‘गॅस’ हा शब्द दिला आणि सगळे त्या शब्दाच्या औषधावर भांडत बसलो, मीही. ‘गॅस’ हे निदान कोणी, कसं केलं, हे एकानेही विचारलं नाही. मेथड सेक्शन आम्ही पेपरचा वाचतो, घरचा नाही.

तेव्हाच फोन केला, दुसऱ्या दिवशी बीपी आणि सोनोग्राफी झाली. बीपी ठीक, पित्ताशयात खडे. सर्जनने दुखेल तेव्हा घ्यायला आयबुप्रोफेन लिहून दिलं आणि वहिनींनी परत तेच विचारलं, बाळ अंगावर पितंय, चालेल ना? या वेळी आकडा होता, एक टक्क्याच्याही खाली. घ्या म्हटलं.