तात्पर्य काय?

एप्रिलअखेर परीक्षा संपते आणि घरोघरी एकच प्रश्न सुरू होतो : सुट्टीत मुलांना वाचायला काय द्यायचं? दुकानात याचं उत्तर तयार असतं. संक्षिप्त पंचतंत्र, बोधकथा, संस्कारकथा. बहुतेकांच्या प्रत्येक गोष्टीखाली ठळक अक्षरांत एक ओळ छापलेली असते, 'तात्पर्य'. आज मला बोलायचंय ते या एका ओळीबद्दल.

'तात्पर्य' हा शब्द आपल्या मीमांसकांचा आणि वेदान्त्यांचा. ग्रंथाचं तात्पर्य ठरवायच्या त्यांनी सहा खुणा सांगितल्या. आरंभ आणि शेवट जुळतात का, पुन्हा पुन्हा काय येतं, नवं काय सांगितलंय, फळ कोणतं, स्तुती कशाची, युक्तिवाद काय. म्हणजे तात्पर्य काढायचं तर अख्खा ग्रंथ वाचायला हवा, आणि काढायचं वाचणाऱ्यानं. आपण मात्र ते आयतं छापून देतो. मूल हुशार असतं, बरं का! ते सरळ शेवटची ओळ वाचतं आणि पान उलटतं.

आता पंचतंत्रच घ्या. पहिल्या तंत्रात, मित्रभेदात, दमनक नावाचा कोल्हा पिंगलक सिंह आणि संजीवक बैल यांच्या मैत्रीत विष कालवतो. बैल मारला जातो आणि दमनक मंत्रिपदावर सुखानं राहतो. याचं तात्पर्य काय लिहाल? 'चुगली करा, पद मिळेल'? आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फानं ही कथा अरबीत नेली. त्या 'कलीला व दिम्ना'मध्ये एक जास्तीचं प्रकरण येतं : कोल्ह्यावर खटला चालतो, त्याला शिक्षा होते. शेवट असा मोकळा ठेवणं तेव्हाही लोकांना जड गेलं असावं. पण विष्णुशर्म्याला राजपुत्र घडवायचे होते. लबाडी जिंकते कशी, हे कळल्याशिवाय राजा शहाणा होत नाही. सज्जन माणूसही होत नाही.

दुसरं पुस्तक, 'श्यामची आई'. साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं. आपण त्याला 'संस्कारांचं पुस्तक' म्हणून कपाटात बसवून टाकलं. त्यातली अळणी भाजी आठवा. आई भाजीत मीठ घालायला विसरते. वडील तक्रार न करता जेवतात, मुलंही जेवतात. आई शेवटी जेवायला बसते तेव्हा तिला कळतं आणि ती हळहळते. कांट म्हणेल, भल्यासाठीसुद्धा खोटं बोलू नये. मग गप्प बसणं हे खोटं बोलणं झालं का? आईचं मन जपलं गेलं, की तिला उलट जास्त लागलं? दहा वर्षांचं मूल यावर तासभर भांडू शकतं. पण खाली 'तात्पर्य : अन्नाला नावं ठेवू नयेत' असं लिहिलंत, की संपलं भांडण.

मुलांना स्वतःहून आवडतो तो भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. फुरसुंगीचा हा बनेश फेणे पुण्याच्या विद्याभवनात शिकतो, सायकल दामटतो आणि नको तिथं डोकं घालतो. तात्पर्य वगैरे काही नाही. तरी धाडस, मैत्री, दुसऱ्यासाठी धावून जाणं हे सगळं त्याच्या कृतीत दिसतं. उणं एवढंच, की तिथं चोर तो चोर आणि साव तो साव. प्रश्न 'पकडायचं कसं' हा असतो, 'बरोबर कोण' हा नसतो. म्हणून मुलाच्या हाती फेणेही हवा आणि श्यामही.

कुणी म्हणेल, लहान मुलांना नियम स्पष्ट सांगायला नकोत? सांगावेत की! पाच वर्षांच्या मुलाला 'विस्तवाला हात लावू नको' असंच सांगावं. पण ते आपण आपल्या तोंडानं सांगू. गोष्टीला त्या कामाला का जुंपायचं? आणि बारा-चौदा वर्षांच्या मुलालाही आयतंच तात्पर्य देत राहिलो, तर निवाडा करायचं वळण त्याला लागणार कधी? उद्या कुणी चतुर दमनक त्याला गोष्ट सांगेल आणि तात्पर्यही सांगेल. ते तो मुकाट्यानं घेईल.

तेव्हा या सुट्टीत पुस्तक विकत घेताना खालची ओळ बघा. असेल, तर तिच्यावर कागदाची पट्टी चिकटवा. मग मुलाला विचारा, 'तुझ्या मते काय?' आणि उत्तर देईपर्यंत थांबा.