बेने-इस्राएलांचीं साधनें आणि संग्रहालयांचें कर्तव्य

कै. हाईम सॅम्युएल केहिमकर ह्यांनीं बेने-इस्राएल समाजाचा इंग्रजी इतिहास १८९७ मध्यें लिहून पुरा केला; तो छापून निघाला १९३७ मध्यें, आणि तोही तेल-अवीव येथें. हस्तलिखित ४० वर्षें पडून राहिलें, ह्यावरून ह्या समाजाच्या साधनांविषयीं आपली आस्था किती, हें संशोधकांनीं ओळखावें.

ग्रंथकार समाजांतीलच असल्यामुळें सण, संस्कार व चालीरीति ह्यांविषयींचीं त्याचीं प्रकरणें प्रमाण मानण्यास हरकत नाहीं. उत्पत्तीचें प्रकरण मात्र तसें नव्हे. नवगांवच्या किनाऱ्यावर गलबत फुटून सात जोडपीं वांचलीं, ही परंपरागत कथा त्यानें इ.स.पूर्व १७५ च्या सुमारास बसविली; तिला समकालीन लेखाचा आधार नाहीं. दोष एवढ्यावर थांबता तर क्षम्य होता. परंतु यहुदी वारशाच्या द्वारें सहिष्णुता शिकवूं पाहणारीं प्रदर्शनें बहुधा हीच कथा पुढें मांडतात, आणि ह्या भूमींत यहुद्यांस कधींच उपद्रव झाला नाहीं, असा निष्कर्ष काढून मोकळीं होतात.

हा निष्कर्ष कोंकणच्या शेजाऱ्यांपुरता खरा आहे, आणि त्यास कथेहून बळकट पुरावे आहेत. शनिवारीं घाणा बंद ठेवणाऱ्या ह्या लोकांस गांवानें 'शनिवार तेली' म्हटलें व त्यांचा शनिवार त्यांस पाळूं दिला. मुंबईंत १७९६ मध्यें प्रार्थनामंदिर बांधणाऱ्या गृहस्थाचें नांवच समाजी हसाजी दिवेकर. वल्हांडणाच्या विधीची पोथी १८४६ मध्यें मुंबईस शिळाप्रेसवर हिब्रू व मराठी अशी छापली गेली. १८७४ च्या पुण्याच्या प्रतींतील चित्रांत बिनखमिराच्या रोट्या करणाऱ्या बायका लुगडीं नेसलेल्या आहेत. एवढें बोलकें साधन असतां दंतकथेची गरज काय?

पण साधनें मानावयाचीं तर प्रतिकूलही मानलीं पाहिजेत. मुंबई बेट ज्याच्याकडे खंडानें होतें, त्या गार्सिया द ओर्ता वैद्याचीं हाडें १५८० मध्यें गोव्याच्या इन्क्विझिशननें उकरून जाळलीं. तो गुप्तपणें यहुदी धर्म पाळीत होता, हा त्याच्यावर आरोप. दुसरें उदाहरण आपल्या अधिक जवळचें. जर्मनींत १९३८ मध्यें यहुद्यांच्या पासपोर्टांवर तांबडें 'जे' अक्षर उठविण्यांत आलें. असे पासपोर्ट घेऊन कांहीं निर्वासित मुंबईस पोंचले. त्यांच्यासाठीं येथें १९३४ पासून साहाय्यक मंडळ होतें. सप्टेंबर १९३९ मध्यें युद्ध सुरू होतांच त्यांतील कित्येकांस 'शत्रुराष्ट्राचे प्रजाजन' म्हणून ब्रिटिश सरकारनें अहमदनगरच्या छावणींत नाझी जर्मनांसमवेतच कोंडलें. चौकशीनंतर बरेचजण सुटले, हें खरें. तथापि एकच कागद तेथें त्यांस यहुदी ठरवितो व येथें जर्मन ठरवितो, ही गोष्ट विसरण्याजोगी नाहीं.

युरोपांत ६० लक्ष यहुदी मारले गेले. त्या संहाराची पूर्वतयारी शिरगणती, याद्या व शिक्के ह्यांनीं झाली, म्हणजे आपण ज्यांस साधनें म्हणतों त्यांनींच. म्हणून संग्रहालयानें विद्यार्थ्यापुढें स्तुति ठेवूं नये. पुण्याची ती पोथी व तो शिक्क्याचा पासपोर्ट एकाच पेटींत शेजारीं शेजारीं ठेवावे. पहिल्यावरून परक्यास आपलें कसें मानतात तें कळेल, दुसऱ्यावरून आपल्यास परकें कसें ठरवितात तें. दोन्ही पाहिल्यावर सहिष्णुता हा पूर्वजांचा गुण न राहतां पाहणाराचें कर्तव्य होतें.

संग्राहकांस एक विनंति. १९४८ नंतर ह्या समाजांतील बहुतेक कुटुंबें इस्राएलास गेलीं. त्यांच्यामागें राहिलेले विवाहलेख, कीर्तनांच्या वह्या व पत्रव्यवहार सुटे सुटे विकले जातां कामा नयेत. भांडुपाहून ठाणें कितीसें दूर? तेथील प्रार्थनामंदिर १८७९ चें असून समाज आजही नांदता आहे. ज्यांच्यापाशीं असे कागद असतील त्यांनीं ते कोणत्या घरचे, कोणाकडून व केव्हां मिळाले, ही नोंद तरी आज करून ठेवावी. माहितगार वृद्ध आहेत तोंवरच ती होणें शक्य आहे.