भिंगामागील कारकुनी

छायाचित्र म्हणजे वस्तूने प्रकाशाकरवी स्वतःच लिहून दिलेली जबानी, आणि म्हणून ती चित्रकाराच्या कल्पनाविलासाहून अधिक विश्वसनीय, अशी जी समजूत न्यायालयांपासून वृत्तपत्रांपर्यंत रूढ झाली, तिला पहिला तडा संगणकाने दिला असे सर्रास म्हटले जाते. वस्तुतः गुस्ताव्ह ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराने १८५० च्या दशकातच समुद्र एका काचेवर व आकाश दुसऱ्या काचेवर घेऊन दोहोंचा मिळून एक ठसा काढला होता, कारण दोहोंचे तेज एकाच वेळी पेलणे तत्कालीन रसायनांना साधत नसे. पुढे कोडॅक कंपनीतील ब्राइस बायर यांना १९७६ मध्ये ज्या रंगजाळीचे पेटंट मिळाले, ती आज बहुतेक डिजिटल कॅमेऱ्यांत असते. तिच्यामुळे संवेदकाचा प्रत्येक बिंदू तांबडा, हिरवा किंवा निळा यांपैकी एकाच रंगाची मोजदाद करतो, आणि उरलेले दोन रकाने शेजारच्या बिंदूंच्या नोंदी पाहून अंदाजाने भरले जातात. म्हणजे रंगीत छायाचित्राचा दोन-तृतीयांश ऐवज मुळातच कारकुनी हिशेबाचा आहे. हा कारकून किती प्रामाणिक, याची चर्चा पुष्कळ झाली. तो कोणाच्या हुकमाने लिहितो आणि हुकूम देणाऱ्याला काही सौंदर्यदृष्टी आहे काय, हे मात्र समीक्षेने क्वचितच विचारले आहे.

मोबाइल फोनच्या इवल्याशा भिंगातून पुरेसा प्रकाश आत येत नाही. गूगलमध्ये मार्क लेव्हॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावर तोडगा काढला तो असा, की एकाच दृश्याची अनेक काळोखी चित्रे लागोपाठ टिपावीत, हाताच्या कंपाने सरकलेली ती चित्रे एकमेकांवर नेमकी बसवावीत आणि त्यांच्या सरासरीत अंधाराचे रंगीत दाणे विरून जाऊ द्यावेत. २०१८ साली ही रीत रात्रीच्या छायाचित्रणास लावली तेव्हा उलटाच पेच उभा राहिला: चित्र इतके उजळे की रात्र दिवसासारखी दिसू लागे. तेव्हा या अभियंत्यांनी जोसेफ राइट ऑफ डर्बी या अठराव्या शतकातील इंग्रज चित्रकाराचा दाखला घेतला, आणि छाया काळ्याच राहू द्याव्यात, दृश्याभोवती अंधाराची चौकट ठेवावी, असे ठरवले. हा निर्णय रसिकतेचा होता आणि माझ्या मते उत्तम होता. आक्षेप आहे तो पुढच्या व्यवस्थेला: एका कचेरीत काढलेले हे फर्मान असंख्य हातांतील फोनांवर एकसारखे लागू होते, ते वाचण्याची मुभा चित्र घेणाऱ्यास नाही, आणि परिणामी देशोदेशींच्या रात्री एकाच चित्रशाळेतून बाहेर पडल्यासारख्या दिसतात. २०२३ मध्ये तर एका फोनने मुद्दाम पुसट केलेल्या चंद्राच्या चित्रावर स्वतःच्या पदरची विवरे उमटवल्याचे उघड झाले. तेथे हिशेब संपून बखर सुरू झाली होती.

याच्या उलट, आज्ञावली लिहून चित्र काढणाऱ्यांची परंपरा आपला हुकूम प्रथमपासून उघड्यावर मांडत आली. फेब्रुवारी १९६५ मध्ये स्टुटगार्ट येथे माक्स बेन्झे यांच्या अभ्यासवर्गात गेओर्ग नीस यांची यंत्ररेखित चित्रे मांडली गेली, तेव्हा उपस्थित चित्रकार इतके बिथरले की ही ‘कृत्रिम कला’ आहे असे सांगून बेन्झे यांना त्यांची समजूत घालावी लागली. नीस यांचे ‘शॉटर’ हे चित्र आजही डोळ्यांसमोरून हलत नाही: बारा स्तंभ, बावीस ओळी, चौरसांची ती शिस्तबद्ध मांडणी वरून खाली येता येता कलू लागते, सरकते, अखेर विस्कटते, आणि हा ऱ्हास किती वेगाने व्हावा, याचे प्रमाण ठरवणारे गणित हीच त्या चित्राची प्रतिभा. व्हेरा मोल्नार यांची गोष्ट याहून विलक्षण. बुडापेस्टमध्ये १९२४ साली जन्मून पॅरिसमध्ये स्थिरावलेल्या या बाईंनी, संगणक हाती येण्याच्या कितीतरी आधी, १९५९ पासून एक ‘काल्पनिक यंत्र’ चालवले होते, म्हणजे स्वतःच नियम घालून ते स्वतःच्या हाताने निमूटपणे पाळले होते. १९६८ मध्ये खरे यंत्र लाभले तेव्हा त्यांना वेळ वाचण्यापलीकडे फारसे नवे काही मिळाले नसावे. नियम स्वतःचा असल्यामुळे त्यात कोठे आणि किती बेशिस्त सोडावी हेही त्याच ठरवीत, आणि निघालेल्या रेखनांतून निवडही त्याच करीत.

ही निवड आता सुटत चालली आहे. २००१ मध्ये बेन फ्राय आणि केसी रीस यांनी ‘प्रोसेसिंग’ ही सुलभ भाषा मोफत खुली केल्यापासून या क्षेत्रात गर्दी झाली, ती स्वागतार्हच. परंतु टायलर हॉब्स यांची २०२१ मधील ‘फिडेन्झा’ ही ९९९ चित्रांची माला पाहा. त्यातले प्रत्येक चित्र ग्राहकाने खरेदी करण्याच्या क्षणीच यंत्रातून जन्मले, कलावंताने ते आधी पाहिलेलेही नव्हते. वाहत्या वक्ररेषांचा तो नियम सुंदर आहे यात शंका नाही, कारण इतक्या चित्रांत सहसा कोठे तोल जात नाही; पण तोल न जाण्याची हमी देणारा नियम जपूनच चालतो, आणि मोल्नार यांच्या एखाद्या अडखळणाऱ्या चौरसाची धिटाई त्या मालेत मला आढळत नाही. लिलावाच्या आकड्यांनी या प्रश्नाचा निवाडा होणार नाही.

या दोन्ही प्रवाहांचा संगम मला चित्रशाळेत नव्हे, प्रयोगशाळेत दिसतो. नाशिकचे रमेश रासकर यांनी २००६ मध्ये सहकाऱ्यांसह असा कॅमेरा मांडला, ज्याची झडप एका चित्राच्या अवधीत ठरावीक सांकेतिक क्रमाने अनेकदा उघडमीट करते, जेणेकरून धावत्या वस्तूची पुसट रेघ पुढे गणिताने उकलून स्पष्ट करता यावी. २०११ मध्ये एमआयटीतील त्यांच्या गटाने प्लास्टिकच्या बाटलीतून सरकणारा प्रकाशाचा पुंजका दाखवला, सेकंदाला सुमारे एक लाख कोटी चित्रांच्या वेगाने. त्या चित्रफितीत बाटली हळूहळू आतून उजळत जाते, आणि पाहणारा थक्क होतो. तथापि ते दृश्य एकदा म्हणून घडलेलेच नाही. कॅमेरा एका वेळी एकच ओळ टिपू शकत असल्याने लेसरचे असंख्य स्पंद पुनःपुन्हा सोडून, ओळीमागून ओळ जोडून ती फीत रचलेली आहे. ती कशी रचली हे करणाऱ्यांनी आपण होऊन सांगितले. एम-८७ या दीर्घिकेतील कृष्णविवराचे १० एप्रिल २०१९ रोजी प्रसिद्ध झालेले चित्रही असेच रचलेले: चार गटांनी एकमेकांशी न बोलता एकाच सामग्रीतून आपापली चित्रे काढली, चौघांनाही कडे दिसले, आणि पुढे तीन निरनिराळ्या पद्धतींनी काढलेल्या चित्रांची सरासरी जगापुढे ठेवली गेली. ते नारिंगी कडे पुसट आहे अशी तक्रार तेव्हा पुष्कळांनी केली. त्याला अधिक रेखीव करणे फोनातल्या कोणत्याही कारकुनास सहज जमले असते, पण मोजमापाने दिले त्याहून एक रेषही जास्त काढायची नाही, एवढा संयम त्या चित्रकर्त्यांनी पाळला होता.