नव्या आवाजाची पारख

आमच्या भागात ‘बॅण्ड’ म्हटले की लग्नाच्या वरातीत कर्णे वाजवीत चालणारी मंडळीच अजूनही डोळ्यांसमोर येतात. धर्मग्रामातील तरुण मुले मात्र हाच शब्द उच्चारतात तेव्हा त्यांना दुसरे काही अभिप्रेत असते. गिटार, ढोल आणि एक बेफिकीर गळा घेऊन कोणत्या तरी परक्या शहरातील तळघरात जमलेली चार-पाच पोरे, ज्यांचे नाव काल कोणाला ठाऊक नव्हते आणि उद्याही ठाऊक असेलच असे नाही. ‘इंडी रॉक’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या संगीताविषयी घराघरांत दोन टोकांची मते आढळतात. वडीलधाऱ्यांना तो गोंगाट वाटतो, मुलांना ते आपले गुपित वाटते. आमच्या मते दोन्ही पक्षांनी एका प्रश्नाकडे दुर्लक्ष केले आहे. नवा, अनोळखी, ओबडधोबड आवाज ऐकण्यायोग्य आहे हे ठरवितो कोण आणि कशावरून?

प्रथम नावाचा उलगडा करू. ‘इंडी’ म्हणजे ‘इंडिपेन्डन्ट’, अर्थात बड्या ध्वनिमुद्रिका कंपन्यांच्या छत्राबाहेरचे. १९७७ च्या जानेवारीत मॅंचेस्टरच्या ‘बझकॉक्स’ या बॅण्डने उसनवारीच्या सुमारे ५०० पौंडांवर स्वतःची छोटी ध्वनिमुद्रिका काढली, तेव्हा आपल्या गाण्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही ही गोष्ट ब्रिटनमधील अनेक तरुणांना एकदम कळली. गाणे काढणे असे सोपे झाले, परंतु ते कोणाच्या कानी पडावे ही अडचण तशीच राहिली. ती अडचण ज्या माणसाने इतरांपेक्षा अधिक काळ आणि अधिक चिकाटीने सोडविली, तो म्हणजे बीबीसी रेडिओ वनचा निवेदक जॉन पील. १९६७ मध्ये हे केंद्र सुरू झाल्यापासून २००४ मध्ये पेरू देशात कुस्को येथे हृदयविकाराने मृत्यू येईपर्यंत तो तेथे काम करीत होता. त्याच्या खासगी आयुष्याविषयी पुढे बरेवाईट लिहिले गेले. आमचा विषय त्याचे ऐकणे एवढाच आहे.

एक उदाहरण आमच्या वाचकांना विशेष जवळचे वाटावे. उत्तर आयर्लंडमधील डेरी हे बहुसंख्य कॅथॉलिक वस्तीचे शहर. ३० जानेवारी १९७२ रोजी येथेच मोर्चातील निःशस्त्र नागरिकांवर सैनिकांनी गोळ्या झाडल्या व तेरा जण जागीच ठार झाले. त्या शहरातील कॅथॉलिक कुटुंबांतील पाच मुलांनी ‘द अंडरटोन्स’ हा बॅण्ड काढला. गायक फर्गल शार्की लहानपणी स्थानिक गायनस्पर्धांत पारंपरिक गीते गात असे. १९७८ च्या उन्हाळ्यात या मुलांनी बेलफास्टला जाऊन चार गाणी मुद्रित केली. ‘गुड व्हायब्रेशन्स’ हे ध्वनिमुद्रिकांचे दुकान चालविणाऱ्या टेरी हूली यांनी ती घडीच्या कागदी वेष्टनात घालून प्रसिद्ध केली. बॉम्बस्फोटांच्या त्या दिवसांत कॅथॉलिक व प्रॉटेस्टंट अशी दोन्हीकडची मुले ज्या थोड्या ठिकाणी एकत्र जमत, त्यांत या दुकानाची गणना होते. लंडनच्या कंपन्यांनी हूली यांना रिकाम्या हाताने परत पाठविले. पीलने मात्र सप्टेंबरमध्ये त्यातील ‘टीनेज किक्स’ हे गाणे वाजविले, आणि संपताच लगेच पुन्हा वाजविले. अमेरिकन ‘सायर’ कंपनीचे सीमोर स्टाइन इंग्लंडमध्ये मोटारीतून जात असता त्यांनी ते रेडिओवर ऐकले आणि बॅण्डशी करार झाला.

गाण्यात असे काय आहे? अडीच मिनिटांचाही अवधी नाही, सूर मोजके, वादन साधे. शेजारपाजारच्या मुलीविषयी वाटणारी एका किशोराची ओढ, एवढाच विषय. शार्कीचा आवाज मात्र विलक्षण आहे: थरथरणारा, किंचित अनुनासिक, जणू शब्द बाहेर पडताना लाजत आहेत. शौर्याचा आव नाही, बीभत्सपणाही नाही. ‘तुमच्या गल्लीत रक्त सांडत असता तुम्ही प्रेमगीते कसली गाता?’ असा आक्षेप त्या काळी या मुलांवर घेतला गेला. आम्हांस तो पटत नाही. बंदुकीच्या धाकात वाढणाऱ्या मुलालाही सोळाव्या वर्षी सोळा वर्षांचे असण्याचा अधिकार आहे, आणि त्या शहरात तो अधिकार गाऊन दाखविणे हेही एक प्रकारचे धैर्यच होते. शिवाय ही मुले आंधळी नव्हती. मे १९८१ मध्ये तुरुंगातील उपोषणात बॉबी सॅण्ड्सचा अंत झाला, त्याच सुमारास बीबीसी दूरचित्रवाणीवर गाताना त्यांच्यातील एकाने दंडावर काळी फीत बांधली होती. भाषण मात्र त्यांनी केले नाही.

पीलच्या पद्धतीचे दोषही सांगितले पाहिजेत. तो पारख करी, पण कारणे क्वचितच देई. समीक्षक म्हणून आम्हांस ही उणीव मोठी वाटते. त्याच्या कार्यक्रमात रटाळ आणि असह्य संगीत कमी नव्हते. तबकडी चुकीच्या वेगाने लावण्याबद्दल तर तो प्रसिद्धच होता. एखादा बॅण्ड फार लोकप्रिय झाला की त्याचा रस ओसरे. मार्क बोलनला त्याने वर्षानुवर्षे उचलून धरले, पण १९७१ च्या सुमारास बोलनला यश मिळताच दोघांत दुरावा आला. नवेपणालाच गुण मानण्याचा हा धोका आजच्या तरुण श्रोत्यांतही दिसतो. ‘हा बॅण्ड अजून कोणालाच माहीत नाही’ ही गाण्याची स्तुती नव्हे, ती सांगणाऱ्याची मिरवणूक आहे.

तरीही एक गोष्ट निर्विवाद आहे. हा माणूस टपालाने आलेल्या अनोळखी पोरांच्या फिती खरोखर ऐकत असे, आणि त्यांतील काहींना बीबीसीच्या मुद्रणगृहात बोलावून एका दिवसात बहुधा चार गाणी मुद्रित करण्याची संधी देत असे. शेफील्डच्या जार्व्हिस कॉकर या शाळकरी मुलाने आपल्या ‘पल्प’ या बॅण्डची फीत त्याच्या हाती दिली होती. १९८१ मध्ये त्यांना अशी संधी मिळाली. पुढे यश आले का? नाही. बॅण्डमधील माणसे बदलत राहिली, ध्वनिमुद्रिका निघाल्या त्या फारशा कोणाच्या नजरेत भरल्या नाहीत. पीलकडे त्यांचे दुसरे मुद्रण झाले ते १९९३ साली, तब्बल बारा वर्षांनी. आणि ‘कॉमन पीपल’ या गाण्याने त्यांना घराघरांत नेले ते १९९५ मध्ये. कला-महाविद्यालयात भेटलेली श्रीमंताघरची मुलगी गरिबीची चव हौसेने घेऊ पाहते, हा त्या गाण्याचा विषय. दारिद्र्याविषयी इतके बोचरे गाणे शाळकरी वयातील कॉकरला लिहिता आले नसते. त्या वयात त्याला कोणी ऐकले नसते तर तो पुढे गात राहिला असता का, हे कोण सांगणार?

आज टपालाच्या फितीची जागा संगणकाने घेतली आहे. २००८ पासून ‘बॅण्डकॅम्प’वर कोणताही बॅण्ड आपले गाणे थेट विकू शकतो, बीबीसीनेही २००७ पासून अप्रसिद्ध कलावंतांसाठी ‘इंट्रोड्यूसिंग’ ही योजना चालविली आहे. याउलट ‘स्पॉटिफाय’ प्रत्येक श्रोत्यापुढे दर सोमवारी नव्या गाण्यांची यादी ठेवते. ती यादी आपल्याच जुन्या आवडींवरून आणि आपल्यासारख्या इतरांच्या आवडींवरून बनते. यंत्राची ही सेवा सोयीची आहे हे आम्ही नाकारीत नाही. पण ते आपणांस आपल्याच अंगणात फिरवून आणते. डेरीच्या गल्लीत ते कोणाला सहसा नेणार नाही, कारण त्या गल्लीत आपण पूर्वी गेलेलो नसतो. त्याच कंपनीने २०२४ पासून असा नियम केला आहे की मागील बारा महिन्यांत किमान एक हजार वेळा ऐकल्या न गेलेल्या गाण्यापोटी मानधन द्यायचे नाही. रक्कम क्षुल्लक असेल, पण एखाद्या गावातील नऊशे वेळा ऐकले गेलेले गाणे हिशेबात शून्य ठरते.

आमच्या धर्मग्रामांतही क्वायरमधून बाहेर पडून गिटार हाती घेणारी मुले आहेत. त्यांची पहिली गाणी बहुधा इंग्रजी बॅण्डांची नक्कल असतात, शब्द कच्चे आणि ताल डळमळीत असतो. सणाच्या रंगमंचावर त्यांना शेवटची दहा मिनिटे मिळतात, तीही जेवणाच्या रांगा लागल्यावर. ती वेळ थोडी अलीकडे आणावी आणि एखाद्या जाणत्याने गाणे संपल्यावर त्या मुलांना नेमके काय जमले व काय फसले ते कारणांसह सांगावे, एवढीच युवासंघांना व त्यांच्या संचालक धर्मगुरूंना आमची सूचना आहे.