‘संक्रमण’ या संज्ञेविषयी
१९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगर पंचायतीचे क्षेत्र ग्रामीण स्थितीतून नागरी स्थितीकडे ‘संक्रमण’ करणारे मानले आहे. संक्रमणास काळ लागतो. धाराशिव जिल्ह्यातील लोहारा व वाशी येथे मात्र एका अधिसूचनेने ग्रामपंचायत लोपली. पंचायत समिती व जिल्हा परिषद या वरच्या दोन्ही स्तरांशी असलेला संबंधही त्यासरशी सुटला. एकस्तरीय कारभार सुटसुटीत असतो, हे आम्हांस मान्य आहे. सरपंचाचा नगराध्यक्ष होणे हाही बव्हंशी नामभेदच. खरी हानी ‘ग्रामसभा’ या संज्ञेची होय. ग्रामसभेत प्रत्येक मतदार स्वाधिकाराने सभासद असतो. नगर पंचायतीच्या सभेत नगरसेवक बसतात. ‘पंचायत’ हा शब्द नव्या नावात राखला गेला खरा. परंतु गावाने समोर बसून जाब विचारावा, हा त्यातील अर्थ वगळून.