कथा आपली, घाट परका

जागतिकीकरणामुळे देशोदेशींच्या संस्कृती एकसारख्या होत आहेत, या म्हणण्याला एक ठरलेले उत्तर असते: बाहेरून आलेली गोष्ट प्रत्येक समाज आपल्या रीतीने वळवून घेतो. मुंबईत वाढलेले मानवशास्त्रज्ञ अर्जुन अप्पादुराई यांनी १९९६ च्या आपल्या ग्रंथात हा विचार वजनदारपणे मांडला. तो चुकीचा नाही. पण ‘वळवून घेणे’ या क्रियेचे स्वरूपच त्यानंतर बदलले आणि दूरचित्रवाणीवर हा बदल ठळकपणे दिसतो.

मराठी रंगभूमीला रूपांतर नवे नाही. आगरकरांनी ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ केले, देवलांनी ‘ऑथेल्लो’चे ‘झुंजारराव’. पु. ल. देशपांडे यांनी शॉच्या ‘पिग्मॅलियन’वरून ‘ती फुलराणी’ (१९७५) लिहिले, तेव्हा लंडनच्या कॉकनी बोलीला मराठीत थेट पर्याय नव्हता. त्या जागी त्यांना शुद्ध-अशुद्ध मराठीचा, जातीला आणि वर्गाला चिकटलेला, आपला प्रश्न उभा करावा लागला. ‘तीन पैशाचा तमाशा’त (१९७८) ब्रेख्तच्या नाटकाला तमाशाचा बाज मिळाला, खुद्द ब्रेख्तने ते जॉन गे यांच्या १७२८ च्या ‘बेगर्स ऑपेरा’वरून रचले होते. या साऱ्यांत कथा परकी होती, घाट ठरवण्याचा अधिकार मात्र लेखकाचा होता.

आजच्या ‘फॉरमॅट’च्या व्यापारात हे उलटे झाले आहे. १९९८ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेली कोट्यधीश होण्याची प्रश्नमंजूषा २००० मध्ये हिंदीत आली आणि २०१३ मध्ये ‘कोण होईल मराठी करोडपती’ झाली. नेदरलँड्समधील १९९९ चा ‘बिग ब्रदर’ २००६ मध्ये हिंदीत आणि २०१८ मध्ये मराठीत ‘बिग बॉस’ म्हणून अवतरला. येथे विकत मिळतो तो साचा. त्याच्या नियमपुस्तिकेला या धंद्यात ‘बायबल’च म्हणतात. मंचाची रचना, प्रकाश, संगीत, उत्कंठा ताणण्याच्या जागा तीत नेमलेल्या असतात. माणसे, भाषा, अश्रू आपण घालायचे.

साचा म्हणजे निव्वळ वेष्टन असते, तर तक्रारीचे कारण नव्हते. पण घाटातच एक जीवनदृष्टी असते. आपल्याकडे सवाल-जवाबाची कलगी-तुऱ्याची परंपरा आहे. तुरेवाले शिवाचे श्रेष्ठत्व मांडत, कलगीवाले शक्तीचे. कूट घालणाऱ्यावरही कूट उलटत असे आणि निवाडा समोरच्या श्रोत्यांत होई. प्रश्नमंजूषेत प्रश्न विचारणाऱ्याला कोणी प्रश्न विचारत नाही. चार पर्यायांपैकी एक आधीच बरोबर असतो आणि ज्ञानाचे मोल रुपयांच्या शिडीवर मोजले जाते. स्पर्धक कोल्हापूरचा असो वा टोकियोचा, ज्ञान म्हणजे काय याचे उत्तर त्याच्या वतीने आधीच दिलेले असते.

मालिकांचे साचे थोडे सैल असतात, हे मान्य करायला हवे. कोलंबियातील ‘बेट्टी’ची (१९९९) हिंदीत ‘जस्सी’ (२००३) झाली, तेव्हा तिच्याभोवती पंजाबी कुटुंबाची ऊब आली. तरी कार्यालयातील कुरूप ठरवलेल्या मुलीचे अखेर रूप पालटते, हा कणा बोगोटापासून मुंबईपर्यंत टिकला.

संस्कृतीच्या राखणीची आपली साधने भाषेपाशी थांबतात. ‘बिग बॉस’च्या घरात मराठीतच बोलण्याचा दंडक असतो. सांस्कृतिक अभिव्यक्तींच्या वैविध्यासाठी युनेस्कोने २००५ मध्ये आंतरराष्ट्रीय करार केला. पण परक्या साच्यात देशी कलावंतांनी, देशी भाषेत केलेला कार्यक्रम कुठल्याही हिशेबात देशीच ठरतो. भाषा सुखरूप असताना घाट हातचा जातो, तो असा.

साचा विकत घेणारी वाहिनी त्यासोबत इतर देशांतल्या यशाची हमीही विकत घेते. नव्या घाटाकडे अशी हमी कुठून असणार? कीर्तन, तमाशा, पोवाडा हे घाट कधीतरी कोणीतरी हमीवाचून करून पाहिले होते, आणि ते कोणाच्या मालकीचे नव्हते म्हणून पुढच्यांना मोडता-जोडता आले. मराठीत काय सांगितले जाते याची मोजदाद आपण करतोच. मराठीने सांगण्याची नवी रीत शेवटची कधी घडवली, हेही समीक्षेने विचारायला हवे.